खोडी सांगून विकलेली गाडी

जुनी गाडी बघायला आलेला माणूस सगळ्यात आधी टायरला लाथ मारतो. का मारतो, ते त्याला ठाऊक नसतं. त्याच्या काकानं मारली होती म्हणून तोही मारतो. मग दार दोनदा उघडून लावतो, बॉनेट उचलून विहिरीत डोकवावं तसा आत डोकावतो, 'हं' करतो आणि भाव पाडायला लागतो. जळगावात मेहरूणच्या रस्त्याला पत्र्याच्या शेडखाली तीस वर्षं मी जुन्या गाड्यांची दलाली केली, पण टायरला लाथ मारून कुणाला काही कळल्याचं मला आठवत नाही.

गाडी कशी बघावी ते आता सांगून टाकतो. धंदा सोडलाय, त्यामुळे माझं काही जात नाही. किलोमीटरचा आकडा बघू नका, तो आम्ही मागे फिरवलेला असतो. ब्रेकच्या पायपट्टीचं रबर बघा. आकडा म्हणतो गाडी फार चाललेली नाही आणि रबर मात्र जुन्या चपलेसारखं झिजलेलं असलं, तर रबर खरं बोलतंय असं समजा. खिशात लोहचुंबक ठेवा. चिकटलं तर पत्रा, नाही चिकटलं तर आत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वरून रंग मारलेला. आणि पायाखालचं मॅटिंग उचलून वास घ्या. पुरात बुडालेल्या गाडीचा ओलसर वास कितीही वर्षांनी जात नाही.

विकण्याची विद्या मात्र वेगळी. तिथे हात नाही, तोंड चालावं लागतं. आमच्या धंद्यात प्रत्येक गाडी डॉक्टरांनी वापरलेली असते. "डॉक्टरांची गाडी, साहेब. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर." अशा मी इतक्या विकल्या की हिशेब लावला तर जळगावात रोग्यांपेक्षा डॉक्टर जास्त निघतील. याची मला कधी लाज वाटली नाही. ती वाटायला लागली एका गाडीमुळे, आणि तिचीच गोष्ट आज सांगायची आहे.

अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदचा सुमार असेल. वरणगावच्या कारखान्यात नोकरीला असलेला प्रल्हाद पाटील नावाचा एक गृहस्थ शेडवर आला. त्यानं टायरला लाथ मारली नाही, तेव्हाच मी ओळखलं की हा घेणारा नाही, विकणारा आहे.

"वडिलांची गाडी विकायची आहे," तो म्हणाला. "सोनगीरजवळ गाव आहे आमचं. गाडी अमेरिकन आहे. वरून उघडी."

"जीप?"

"नाही हो. बोटीएवढी आहे. छप्पर मागे घडी होतं."

मी खुर्ची पुढे सरकवली. अशी गाडी दलालाच्या आयुष्यात एकदा येते, नाहीतर येतच नाही. का विकायची, विचारलं तर तो म्हणाला, "आबांना दिसत नाही. काचबिंदू आहे. एका डोळ्याची नजर गेली, दुसऱ्याची नळीतून बघावं इतकीच उरलीय. पण ते मान्य करत नाहीत आणि गाडी सोडत नाहीत. दर मंगळवारी आईला शेजारी बसवून आग्रा रोडवर जातात. आग्रा रोड, भाऊ. एक दिवस दोघंही ट्रकखाली सापडतील आणि मला वरणगावला तार येईल." मी चहा सांगितला.

पुढच्याच मंगळवारी मी गेलो. मुख्य रस्ता सोडून आत गेलं की गाव, गावाच्या टोकाला घर, अंगणात कडुनिंब आणि निंबाखाली ती. मुळात पिकल्या लिंबाच्या रंगाची असावी, आता लोणच्यातल्या लिंबासारखी दिसत होती. पुढे चांदीसारखी जाळी, दोन्ही बाजूंना माशाच्या कल्ल्यांसारख्या खाचा, आत पांढरट हस्तिदंती रंगाचं मोठं स्टिअरिंग आणि त्याच्या मधोमध पितळी बिल्ला, त्यावर सहा आऱ्यांचं बैलगाडीचं चाक. बिल्ल्यावर नाव होतं हॅरिंग्डन. ही कंपनी कधी बुडाली, कुणी बुडवली, मला काहीच माहीत नव्हतं. गावात मात्र गाडीला सरळ हरीनंदन म्हणत.

आबा पंचाहत्तरीचे, ताठ, धोतर आणि पांढरी टोपी. माझ्याकडे न बघता माझ्या उजव्या खांद्याकडे बघत म्हणाले, "या, दिगंबरभाऊ. आज धूळ भलती शे, नही?"

बाहेर पान हलत नव्हतं. उन्हाळ्याचं स्वच्छ ऊन पडलं होतं. मी "हो, फार," म्हणालो. पुढे मला कळलं की घरातले सगळे गेली तीन वर्षं असंच "हो, फार," म्हणत होते.

पाणी घेऊन आबांच्या पत्नी, अक्का, आल्या. मी गाडीचं कौतुक करताच त्या म्हणाल्या, "गाडी नही भाऊ, तो मन्हा ट्रॅक्टर शे."

मला कळेना. मग कळलं. स्वातंत्र्यानंतर पाच-सहा वर्षांनी एका वर्षी कपाशी भरघोस आली. पंचक्रोशीत पहिला ट्रॅक्टर आपल्या दारात उभा करायचा म्हणून आबा मुंबईला गेले. गावानं हार-गुलाल आणून ठेवला. मुंबईत बंदरावर एका गोदामात ही उभी दिसली. बिल्ल्यावरचं बैलगाडीचं चाक दिसलं. "चाक वळखीनं दिखनं," आबा मला म्हणाले, जणू यापेक्षा जास्त खुलाशाची गरजच नव्हती. अक्कांचं म्हणणं थोडक्यात होतं: "ट्रॅक्टर लेवाले गया नि हाई ली उनात." त्या दिवसापासून त्या गाडीला ट्रॅक्टरच म्हणत. ट्रॅक्टर धुतला का, ट्रॅक्टरमध्ये पेट्रोल टाकलं का. या टोमण्याला कंटाळून आबांनी एका मृगात गाडीच्या मागे खरोखरच वखर बांधला आणि शेतात घातला. वखराचं अर्धं तास, म्हणजे अर्धी ओळ, झालं, मग आतून काहीतरी कडाडलं. वखराला काही झालं नव्हतं.

"चाला, एक चक्कर मारू," आबा म्हणाले. गिऱ्हाइकाला सांगण्यासाठी दलालाला गाडीत बसावं लागतं. मी मागे बसलो.

अमेरिकन गाडी, त्यामुळे स्टिअरिंग डावीकडे. आपल्याकडे वाहनं डाव्या बाजूनं चालतात, म्हणजे अशा गाडीचा चालक रस्त्याच्या कडेला बसतो आणि पुढच्या ट्रकच्या पलीकडलं त्याला काही दिसत नाही. ते दिसतं शेजारच्याला. शेजारी अक्का. त्यांच्या मांडीवर सूप, सुपात भुईमुगाच्या शेंगा. गाडी महामार्गाला लागली आणि अक्का शेंगा सोलता सोलता बोलायला लागल्या.

"ट्रक शे. ऊस भरेल शे. थांबा. थांबा. आते चाला. जरासं उजवं. डावं. बैलगाडी. तिनावर पोऱ्या बशेल शे, हात हालाडी राह्यना, तुम्हीबी हालाडा."

आबांनी नेमक्या दिशेला हात हलवला. पोरगा खूश झाला. मी सीटखाली सरकलो. अक्कांचा आवाज एकदाही चढला नाही. शेंगदाणे वाटीत, टरफलं रस्त्यावर आणि आम्ही मुंबई-आग्रा रस्त्यावर. परत आलो तेव्हा आबांच्या चेहऱ्यावर वीस वर्षांच्या पोराचा आनंद होता आणि मी उतरून आधी पाणी मागितलं. गाडी लवकर विकली पाहिजे, हे प्रल्हादचं म्हणणं मला पटलं. पण त्या म्हाताऱ्याकडून नेमकं काय काढून घ्यायचंय, हेही त्याच दिवशी दिसलं. तेव्हापासून हे काम मला जड जायला लागलं.

आबांनी विकायला नाही म्हटलं नाही. पोराचा धोशा होता. "इका," म्हणाले, "पन गिऱ्हाईकसंगे मी बोलसू."

ही अट मी हसत मान्य केली. माझ्या दलालीतली ती सगळ्यात मोठी चूक.

पहिलं गिऱ्हाईक धुळ्याचे बँडवाले मास्तर. वरातीला उघडी गाडी म्हणजे सोन्याची खाण. नवरदेव मागच्या सीटच्या पाठीवर बसला की अख्ख्या गावाला दिसतो. मी जोरात होतो. "मास्तर, जगात अशा अकराच गाड्या शिल्लक आहेत. अमेरिकेच्या एका राष्ट्राध्यक्षाच्या मेहुण्यानं कंपनी काढली. बहिणीच्या लग्नासाठी पहिली गाडी बनवली." हे मी दारातून गाडीपाशी पोचेपर्यंत रचलं होतं. मास्तरांनी टायरला लाथ मारली. तेवढ्यात आबा काठी टेकत आले.

"मास्तर, खोडी ऐकी ल्या."

मी म्हणालो, "आबा, राहू द्या."

"राहू देवाले काय? आमनाकडे ढोर इकतांना खोड सांगनी पडस. मारकं शे, बशी जास, नांगरले जुपू देत नही, बठ्ठं सांगनं पडस. खोड दपाडीसन इकी ते बरकत ऱ्हात नही." खोड लपवून विकली तर लाभत नाही, असं बजावून त्यांनी बोटांवर एकेक खोड मोजायला सुरुवात केली. हळू चालवली की तापते. हॉर्न वाजवला की डावा दिवा विझतो. छप्पर ऊन असताना लागतं, पाऊस आला की लागत नाही. रागावून किल्ली फिरवली तर सुरू होत नाही, पाणी पिऊन यावं लागतं. मागचा गियर फक्त सकाळी पडतो.

मास्तरांनी पहिल्याच खोडीला कान टवकारले होते. "हळू चालवली की तापते?"

"भलती तापस. तिले वरात नही जमत. तिले जोरमां जावाले आवडस."

मास्तर म्हणाले, जोरात जाणारी वरात म्हणजे पळून केलेलं लग्न, आणि निघून गेले.

दुसरं गिऱ्हाईक कुठल्याशा निवडणुकीला उभा राहणारा एक उमेदवार. उघड्या गाडीत उभं राहून हात जोडत फिरायचं, असा त्याचा बेत. त्याच्यासाठी मी कंपनी एका सेनापतीच्या नावावर केली. तो मागे उभा राहिला, हात जोडून बघितले, बरं दिसत होतं. आबा म्हणाले, "उभा ऱ्हावानं काम नही. डावं वळण उनं का उजवं दार आपोआप उघडस. मांगना साले मन्हा शाला पडना." त्यांचा मेव्हणा पडला होता. उमेदवाराच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. पाडणारी गाडी कुठला उमेदवार घेईल? त्याच्या माणसांनी त्याला हाताला धरून खाली उतरवलं.

मी आबांवर चिडलो. "अशानं कशी विकली जाणार?"

"ज्याले खोडीसंगे लेवानी शे तो ली," म्हणाले आणि टोपी सारखी केली. ज्याला खोडींसकट घ्यायची आहे तो घेईल. परतीच्या एस.टी.त मी चरफडत होतो. प्रल्हादचं मात्र दर आठवड्याला पोस्टकार्ड यायचं, त्यात एकच ओळ: मंगळवार सुखरूप गेला. एका कार्डात पुढे लिहिलं होतं, 'या वेळी टँकर होता. आईच्या हातातलं सूप रस्त्यावर पडलं.' ते कार्ड वाचून मी जेवलो नाही.

मग मी मोठ्या पेपरात जाहिरात दिली आणि पुण्याहून दातारसाहेब आले. निवृत्त इंजिनियर, बारीक चण, खिशाला दोन पेनं, हातात भिंग, टॉर्च आणि वही. टायरला लाथ मारली नाही. उलट खाली वाकून टायरवरची धूळ रुमालानं पुसली आणि त्यावरचे आकडे वहीत उतरवून घेतले. मी सवयीनं सुरू केलं, "साहेब, जगात अशा अकराच..."

"चूक," भिंगातून मान वर न काढता ते म्हणाले. "हजारांनी बनल्या. शिल्लक किती, ते कुणीही मोजलेलं नाही. आणि कृपा करून मेहुणा सांगू नका, मला धुळ्याच्या स्टँडवर एकानं सांगितला."

आबा आले आणि खोडी सांगायला बसले. मी डोळे मिटून घेतले. पण इथे वेगळंच घडलं. एकेक खोड ऐकून दातारसाहेब खुलायला लागले. "हॉर्न वाजवला की डावा दिवा? अहो, त्या साली तारा एकत्रच बांधायचे! हळू चालवली की तापते? पंखाच लहान होता त्यांचा!" वहीत ते खोडींची यादी लिहीत होते, वरातीला आलेल्या माणसासारखे खूश. "आबा, म्हणजे या गाडीला कुणी हातच लावलेला नाही! या सगळ्या खोडी कंपनीच्या आहेत!"

"मागचा गियर फक्त सकाळी पडतो," मी मरगळून म्हणालो.

साहेब थांबले. "हे मात्र कंपनीचं नाही."

आबांनी मान खाली घातली. "नही. ती खोड अक्कानी शे." आणि वखराची हकिकत सांगावी लागली. साहेब इतके हसले की त्यांचं भिंग अंगणात पडलं.

मग अक्कांनी खिचडी-कढी वाढली आणि जेवताना साहेबांनी कंपनीची खरी गोष्ट सांगितली. बाप शेतकऱ्यांसाठी गाड्या बनवायचा, घोड्यांच्या. म्हणून बिल्ल्यावर चाक. त्याचे दोन मुलगे मोटारी बनवायला लागले. थोरला म्हणे, गाडी उघडीच पाहिजे, डोक्यावर आभाळ नको असेल तर माणसानं घरात बसावं. धाकटा म्हणे, लोकांना पोरंबाळं असतात, थंडी असते, धूळ असते, छप्पर पाहिजे. भांडण इतकं वाढलं की कारखान्याच्या मधोमध भिंत घातली. एका बाजूला उघड्या गाड्या, दुसऱ्या बाजूला बंद. भावाभावात बोलणं नाही, एक फोरमन निरोप नेई-आणी. खपायच्या बंद गाड्या आणि त्यांच्या जोरावर चालायचा थोरल्याचा उघडा हट्ट. मग धाकटा वारला. थोरल्यानं भिंत पाडली आणि त्या दिवसापासून फक्त बंद गाड्या बनवल्या, धाकट्याच्या आवडीच्या. तोवर मोठ्या कंपन्यांपुढे त्यांचा निभाव लागेना. कारखाना बंद पडला. उरलेल्या उघड्या गाड्या जहाजांत भरून मिळेल त्या बंदरात मिळेल त्या भावाला काढल्या. "त्यातली ही एक, मुंबईला उतरलेली."

मी इतके दिवस जोडलेले राष्ट्राध्यक्ष आणि सेनापती या खऱ्या गोष्टीपुढे अगदी फालतू वाटायला लागले.

अक्का ताकाचं भांडं घेऊन उभ्या होत्या. "म्हंजे तठेबी आसाच मानसं शेतस," त्या म्हणाल्या आणि ताक वाढायला लागल्या.

आबा म्हणाले, "मोठा भाऊ येडा व्हता. पन गाडी भारी बनाडी त्यानी."

भाव ठरला तो बैलबाजाराच्या रीतीनं, म्हणजे आकडा तोंडानं न बोलता बोटं दाबून सांगायचा. आबांनी उपरण्याखाली साहेबांचा हात धरून बोटं दाबायला सुरुवात केली. पुण्याचा माणूस दचकला, त्याला वाटलं म्हाताऱ्याला भरून आलंय, त्यानंही सहानुभूतीनं हात दाबला आणि नकळत भाव वाढवून बसला. मी मध्ये पडून समजावलं. शेवटी दोघांच्याही मनासारखं झालं. पुढच्या सोमवारी ट्रक आणून गाडी घेऊन जायची. मंगळवारच्या आत, असं मी मुद्दाम ठरवलं.

सोमवारी सकाळी साहेब पुण्याहून ट्रक घेऊन आले. प्रल्हाद रजा काढून आला होता. गाडी धुतलेली, बॉनेटवर हळद-कुंकू, जाळीला झेंडूचा हार. विकलेल्या बैलाला निघताना भाकरीचा तुकडा देतात, म्हणून अक्कांनी बॉनेटवर भाकरीचा तुकडाही ठेवला होता. साहेबांनी प्रेमानं दार उघडलं आणि ते ओरडलेच.

गाडीत स्टिअरिंग नव्हतं. नुसता दांडा वर आलेला.

ते होतं आबांच्या मांडीवर. ओट्यावर बसून दोन्ही हातांनी त्यांनी ते घट्ट धरलं होतं. सकाळीच गावच्या लोहाराकडून नट काढून घेतला होता.

"आबा, हे काय?" प्रल्हाद ओरडला.

"दावं शे," आबा म्हणाले.

बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे बैल विकला तरी त्याचं दावं, म्हणजे गळ्यातला दोर, विकत नाहीत. घेणारा आपला दोर घेऊन येतो. जुनं दावं घरात खुंटीला राहतं, नाहीतर गोठ्याची लक्ष्मी बैलामागे निघून जाते. हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. पुण्याच्या इंजिनियरला कसं माहीत असणार?

मी ते समजावून सांगितल्यावर साहेब रडकुंडीला आले. "अहो, पण स्टिअरिंग म्हणजे दावं कसं?"

"मंग दावं म्हंजे काय?" आबा शांतपणे म्हणाले. "ज्यानी ढोर वळस, ते दावं. हाई गाडी कसानी वळस?"

मी तीस वर्षं तोंडावर पोट भरलेला माणूस, लगेच तोडगे काढायला लागलो. मी म्हणालो, "आबा, किल्ली ठेवा." म्हणाले, किल्लीनं ढोर उठतं, वळत नाही. छपराचे पट्टे ठेवा म्हणालो, दोरासारखेच दिसतात. म्हणाले, ते अंगावरची झूल. साहेब म्हणाले, "हा बिल्ला, हे मूळ चाक नसेल तर मला गाडी नको. नवं चाक मी कुठून आणू? कारखानाच राहिला नाही." त्यांनी वही मिटली आणि ट्रकवाल्याला निघायची खूण केली.

प्रल्हाद माझ्याकडे बघत होता. सौदा मोडला तर उद्या मंगळवार. लोहार नट परत बसवील, आबा टोपी सारखी करतील, अक्का सूप घेऊन बसतील आणि समोरून कुठला ट्रक येईल ते देव जाणे. मला पहिल्यांदाच वाटलं की ही गाडी विकली गेली नाही तर ते पाप माझ्या माथी बसेल. आणि आबांच्या त्या मुठी बघवत नव्हत्या. दावं बैलाचं नव्हतं, हे सगळ्यांना कळत होतं.

पुढे झाल्या अक्का. दारातून बाहेर आल्या आणि आबांच्या समोर उभ्या राहिल्या.

"ज्यानी वळस ते दावं ना?"

"हा."

"मंग पस्तीस वरीस हाई गाडी कोनी वळाई? तुम्हीन ते नुसतं चाक धरेल व्हतं. उजवं कोनी सांगं? डावं कोनी सांगं? थांबा, चाला, कोनी सांगं? मी सांगं. दावं मी शे." पदर कमरेला खोचून त्या पुढे म्हणाल्या, "माले ठी ल्या घरमां. चाक दी टाका त्या पाव्हनाले."

अंगणात कुणी हसलं नाही आणि कुणी रडलंही नाही, दोन्ही येत होतं. साहेब चष्मा पुसायला लागले. आबांनी अक्कांच्या आवाजाकडे तोंड वळवलं. मग त्यांनी चाक उचललं आणि समोर धरलं. साहेब जरा डावीकडे उभे होते, ते स्वतःच सरकून चाकासमोर आले.

पण ते शहाणे होते. चाक हातात घेऊन म्हणाले, "आबा, बसवा तुम्हीच. ट्रकवर गाडी तुम्हीच चढवा. मला तिच्या खोडी अजून सवयीच्या नाहीत."

ट्रकच्या मागे फळ्या लावल्या. आबांनी बोटांनी चाचपून नट घट्ट केला आणि बसले. अक्का त्यांच्या जागी, उजव्या बाजूला, या वेळी सूप नव्हतं. गाडी पहिल्याच किल्लीला उठली. "सरळ," अक्का म्हणाल्या. "सरळ. जरासं डावं. आते नीट. थांबू नका, जोरमां." गाडी दोन फळ्यांवरून बोटभरही न चुकता वर गेली. ट्रकवाला तोंडात बोट घालून बघत राहिला. प्रल्हाद खाली फळी धरून हमसून रडत होता.

उतरल्यावर आबांनी साहेबांना हाक मारली. "साहेब, एक खोड सांगानी ऱ्हायी गई."

साहेबांनी घाईघाईनं वही उघडली, पेन काढलं.

"गाडीनी नही," आबा म्हणाले. "मन्ही. माले दिसत नही. तीन वरीस व्हयनात."

घरच्या माणसांसमोर ते हे पहिल्यांदा बोलले. साहेबांनी पेन खिशात ठेवलं. ट्रक निघाला, गावाबाहेर वळून दिसेनासा झाला, तरी आबा तिकडेच बघत उभे होते. मग त्यांनी घराच्या दिशेनं पाऊल टाकलं आणि ते ओट्याच्या पायरीपाशी अडले. अक्कांनी हात पुढे केला. आबांनी क्षणभर विचार केला आणि तो धरला.